जाळीबाहेरचं तण

सातव्या ट्रेमधल्या रोपांची पानं मुरडलेली दिसली. आठव्यातही तेच. नवव्याकडे बघायची माझी छातीच झाली नाही. टोमॅटोची रोपं न्यायला शेतकरी तासाभरात येणार होते. हा रोग लागला की झाड खुरटतं, फळ धरत नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

चूक माझी. दुसऱ्या कुणाच्या माथी मारणार? या रोपवाटिकेचं सगळं इथं नोकरीला असलेली माझी थोरली बहीण बघते, मी तिच्या हाताखाली. पंधरा दिवसांपूर्वी जाळीच्या भिंतीबाहेर कमरेएवढं तण माजलं होतं. ताईने बजावलं होतं, "तणाला हात लावू नकोस. आधी त्यावरच्या पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करू, मग उपटू." पण मी पडले अतिशहाणी. ताई कामाला बाहेर गेली आणि मी विळा घेऊन सगळं साफ केलं. वर पाणी प्यायला आत-बाहेर करताना जाळीचं दार सताड उघडं टाकलं. माशी ढगासारखी उठली. म्हटलं, गेली ब्याद. जाते कुठली? तिचं घर मी मोडलं, शेजारी कोवळी रोपं, दार उघडं. ती सरळ आत शिरली आणि रोगही घेऊन आली.

आता करायचं काय? रोपं निरोगी असल्याच्या कागदावर ताईची सही होती. सांगावं तर तिची नोकरी जाणार, आणि तिचं घर तिच्या एकटीच्या जिवावर चालतं. न सांगावं तर तीस-चाळीस जणांच्या शेतात हे लागणार. शेवटी गेले तिच्या टेबलापाशी.

"ताई, सातव्यापासून पुढे सगळे..."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"परवापासून." तिने मान वर केली नाही. "तोंड बंद ठेव. रोग काय, त्यांच्या शेतातही लागतो. कोण सिद्ध करणार आहे?"

ती मला शिव्या घालेल म्हणून मी अर्धमेली झाले होते. तिने घातल्याच नाहीत, आणि मला जास्तच भीती वाटली.

गाड्या आल्या. ताई माझ्या कानाशी पुटपुटली, "कोपऱ्यातल्या वेगळ्या जाळीखालचे बारा ट्रे कुणाला देऊ नकोस. आपल्या बाबांच्या शेतासाठी आहेत."

मी जाळी उचलून बघितलं. एकूण एक रोप ताठ, पानं सपाट. दोन दिवस बसून निवडली होती तिने.

पहिला शेतकरी सातवा ट्रे उचलायला वाकला. वयाने बाबांएवढाच. कुठून बळ आलं कोण जाणे, मी जाळीखालचा एक ट्रे ओढून त्याच्यापुढे ठेवला.

"काका, हा बघा, आणि तो बघा. त्याला रोग आहे. चूक माझी आहे, दार मी उघडं ठेवलं."

त्याने दोन्ही ट्रेमधली पानं बोटांनी चाचपली. मग कोपऱ्यातल्या जाळीकडे बघितलं. तो ताईकडे वळला.

"मग हे चांगले कुणासाठी बाजूला काढलेत?"

ताईने माझ्याकडे पाहिलं.

"आमच्या बाबांसाठी," मी म्हणाले.