भाऊसाहेबांना बघायला

नवऱ्याने पक्ष्याचा मत्सर करू नये, असं सगळ्यांचंच मत होतं. त्याचंही होतं. पण मत डोक्यात असतं आणि दुखतं पोटात.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बायको पक्षी मोजायची. एकदा ती एका जुन्या इमारतीत दोन मजल्यांच्या मधे अडकली होती. मोटर दुरुस्त होईपर्यंत तो बंद दाराबाहेर बसून तिच्याशी गप्पा मारत होता, तिने घाबरू नये म्हणून. तो इतका छान बोलला की दार उघडल्यावर तिला बाहेर यायची घाईच राहिली नव्हती. त्या बोलण्यावर लग्न झालं. पुढे दार उघडंच राहिलं आणि बोलणं बंद पडलं. बिघाड कुठे आहे हे शोधायचा त्याला पगार मिळायचा, पण घरच्या बिघाडाचा मिळत नसल्यामुळे तो शोधायचा राहिला.

दर उन्हाळ्यात ती बोटीने समुद्राच्या पार टोकाला जायची. तिथे एक बेट होतं. सगळं बेटच राष्ट्रीय उद्यान. झाड नाही, रस्ता नाही, दुकान नाही. वारा, चिखल, गुडघाभर गवत, आणि भाऊसाहेब.

भाऊसाहेब हा अल्बाट्रॉस जातीचा समुद्रपक्षी होता. पंख किती लांब, तर बायकोने एकदा दिवाणखान्याच्या या भिंतीवर हात ठेवला आणि चालत चालत त्या भिंतीपर्यंत गेली. "एवढे," ती म्हणाली. तेव्हापासून त्याला आपला दिवाणखाना भाऊसाहेबांनी व्यापलेला वाटायचा. भाऊसाहेबांची जोडीदारीण एका वर्षी समुद्रातून परतलीच नाही. तरी ते दर वर्षी त्याच उंचवट्यावर येऊन बसायचे आणि बायको त्यांच्यासमोर.

"भाऊसाहेब यंदा जरा उतरलेत," ती घरी आल्या आल्या सांगायची.

"मीपण उतरलोय."

"तू? कुठून?"

फ्रिजवर भाऊसाहेबांचा फोटो होता. लग्नाचा फोटो कपाटात होता, स्वेटरांच्या खाली, धूळ लागू नये म्हणून. तो रोज सकाळी फ्रिजकडे पाठ करून चहा प्यायचा. शेवटी न राहवून त्याने फोनवर सासूबाईंकडे मन मोकळं केलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तो पक्षी आहे. तुम्ही माणूस आहात. सुरुवातच तुम्ही पुढून केलीय."

"मग मागे कसा पडलो?"

"त्याचाच मी विचार करतेय."

यंदा बायकोचा बेटावरून फोन आला तेव्हा तो लिफ्टच्या शाफ्टमध्ये होता, कानाने काम करत. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर 'टक' करते. तो तिच्याबरोबर जिभेने 'टक' करायचा. दोघांची टक जुळली नाही की बिघाड तिथेच. सवय इतकी मुरली होती की कुणी नुसतं पेन आपटलं तरी त्याची जीभ उत्तर द्यायची.

"ऐक," बायको म्हणाली, "इथे हिवाळाभर थांबायला माणूस हवाय. उद्यानाचे काका मला विचारतायत. तू काय म्हणतोस?"

"बघ," तो म्हणाला, "तुला वाटेल तसं."

पलीकडे वारा ऐकू आला. मग फोन कटला. तो वर येईपर्यंत त्याला घाम फुटला होता. हिवाळाभर. ती आणि भाऊसाहेब. आणि मधे 'तुला वाटेल तसं' म्हणणारा एक गाढव.

हंगामाच्या शेवटच्या बोटीने घरच्यांना बेटावर येता येत असे. त्याने रजा टाकली.

"कुठे निघालास?" साहेबांनी विचारलं.

"एकाला बघून यायचंय."

"आजारी आहे का?"

"अजून तरी नाही."

बोटीवर तो एवढा ओकला की खलाशी त्याला नावाऐवजी बादली म्हणू लागले. बेटाच्या धक्क्यावर काका उभे होते. काका म्हणजे उद्यानाचे प्रमुख, हातात चिमटा आणि दात घासायचा ब्रश. बाहेरचं बी बेटावर रुजू नये म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचे बूट, मोजे आणि खिसे ते स्वतः साफ करत. त्याच्या खिशातून त्यांनी एक वाळका वाटाणा काढला आणि उन्हात धरून त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, आता अटकच.

"नियम सोपा आहे," काका वाटाणा डबीत बंद करत म्हणाले. "पक्ष्याच्या जवळ जायचं नाही. तो आपणहून जवळ आला तर दगड व्हायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, त्याला कसलंच उत्तर द्यायचं नाही."

"आणि आला नाही तर?"

"तर नाही आला. पक्षी आहे, व्याही नव्हे."

बायको गवतातून धावत आली. त्याला मिठी मारली. तिला माशांचा वास येत होता आणि ती फार सुंदर दिसत होती. "किती पांढरा पडलायस रे! चल, ऊन आहे तोवर भाऊसाहेबांना भेटून घेऊ."

"आत्ताच?"

"मग काय, ते येणारेत का?"

भाऊसाहेब उंचवट्यावर चार पावलं चालून बसले. त्याने वाटेतच ठरवलं होतं की आधी खोट काढायची. चाल नवे बूट चावत असल्यासारखी होती. नाक मोठं होतं, पण शोभत होतं, आणि सगळा त्रास तिथेच होता. बाकी पांढरंशुभ्र, शांत, घरंदाज. अशा माणसाने फ्लॅट बघायला यावं आणि शेजाऱ्यांनी आपण होऊन किल्ली द्यावी.

बायको ठरलेल्या अंतरावर बसली. दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि भाऊसाहेबांकडे बघू लागली. ते बघणं त्याने ओळखलं. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा तिने असंच बघितलं होतं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता बोलायचंच, असं ठरवून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात भाऊसाहेबांनी चोच वाजवली.

टक.

टक, त्याची जीभ म्हणाली.

भाऊसाहेबांची मान वळली. टक टक. त्याने दात आवळले, पण जीभ नोकरीला लागलेली होती. टक टक. घाबरून तो बुटाची नाडी बांधायला वाकला. भाऊसाहेबही वाकले. ते उठले, पंख उघडले आणि मान आकाशाकडे करून त्यांनी एक लांबलचक हाक दिली. लिफ्टच्या कामात कुणी वर बघितलं की आपणही वर बघायचं असतं, नाहीतर डोक्यात पाना पडतो. त्याने वर बघितलं.

अल्बाट्रॉसमध्ये याला होकार म्हणतात.

भाऊसाहेब डुलत डुलत आले, त्याच्यासमोर उभे राहिले आणि चोचीने अगदी हळुवार त्याची कॉलर सारखी केली. मग दुसरी बाजू. त्याची कॉलर कुणीतरी शेवटची सारखी केली होती ती लग्नाच्या दिवशी. तो दगड झाला होता, पण नियमामुळे नव्हे.

भाऊसाहेब दमून त्याच्या बुटाशी बसले. मग त्याने बायकोकडे पाहिलं. जिंकलो, असं वाटायला सुरुवात झाली होती, पण तिचा चेहरा बघून ती सुरुवात तिथेच थांबली. तो चेहरा रोज सकाळी त्याला न्हाणीघरातल्या आरशात दिसायचा.

"काय केलंस तू?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

"मी कुठे काय?"

"टक केलंस! मी ऐकलं. इतकी वर्षं मी इथे हातांवर बसतेय. नियम म्हणून शिंक आली तरी गिळली. एकदा तरी आले का माझ्याजवळ? आणि तू बादलीत तोंड घालून येतोस आणि पहिल्याच दिवशी..."

"तुला काय कॉलर हवीय का? ये, तुझी पण करतील."

"मला जोक नकोय!" तिचे डोळे भरले होते. "आणि मला राग कसला येतोय सांगू? घरी मी बोलते तेव्हा साधा हुंकार निघत नाही तुझा. आणि ह्यांना लगेच टक! ह्यांना मान वर करून! त्यांनी एकदा विचारलं, तू तीनदा उत्तर दिलंस!"

आता तिला नक्की कोणाचा हेवा वाटतोय हे त्याला समजेना. बहुधा तिलाही समजत नव्हतं. ती एकदा त्याच्याकडे रागाने बघत होती, एकदा भाऊसाहेबांकडे.

काका वर आले. त्यांनी ते दृश्य पाहिलं आणि टोपी काढली. "जमलं का यांचं?" त्यांनी बायकोला विचारलं. तिने मान डोलावली. "मग ह्यांना आल्या बोटीने उद्या सकाळीच पाठवायला हवं. यंदा दोन माद्या बघून गेल्यात. चांगल्या घरच्या आहेत. लिफ्टवाल्याच्या नादात स्थळं जायला नकोत." मग त्यांनी घसा साफ केला. "आणि तू गं? हिवाळ्याला थांबतेयस का? खलाशांना सांगायला हवं."

"मला नका विचारू. याला विचारा."

काका त्याच्याकडे बघू लागले. ती बघू लागली. भाऊसाहेबही बघू लागले, पण ते आधीपासूनच बघत होते.

"बघ," तो म्हणाला, "तुला वाटे..."

तिचा चेहरा लिफ्टच्या दारासारखा दोन्ही बाजूंनी मिटायला लागला. त्याने मधे पाय घातला.

"नको थांबूस," तो म्हणाला. "मला करमत नाही. उन्हाळ्यातही करमत नाही. मी फ्रिजकडे पाठ करून चहा पितो. तू नसलीस की मी आपल्या इमारतीची लिफ्ट मुद्दाम बंद पाडतो आणि आत बसतो, कारण तिथेच मला बोलता येतं. शेजारच्या आजोबांना जिने चढून दम लागतो. त्यांचा विचार कर. नाही, त्यांचा नको. माझा कर."

काका टोपी घालायचे विसरले.

"हे फोनवर सांगता आलं नसतं?" ती म्हणाली.

"शाफ्टमध्ये होतो."

"तू कायम शाफ्टमध्येच असतोस." एवढं बोलून ती उतारावरून झोपडीकडे निघून गेली. संध्याकाळी तिने जेवण वाढलं, भांडी घासली, सामान आवरलं आणि एक शब्द बोलली नाही. सामान आपलं आवरलं की फक्त त्याचं, हे काही त्याला कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही.

सकाळी धक्क्यावर ती आली तेव्हा तिच्या पाठीवर तिची पिशवी होती.

"तू म्हणालास म्हणून येत नाहीये," ती म्हणाली. "इथे थांबले तर भाऊसाहेब हिवाळाभर माझ्या मागे बघत राहतील, तू आलायस का म्हणून. ते मला झेपणार नाही."

"बरं."

"नुसतं बरं काय? नीट बोल."

"बरं वाटलं. फार बरं वाटलं. काल उलटी थांबली तेव्हापेक्षाही."

"हळूहळू येईल तुला," ती म्हणाली आणि बोटीत चढली.

ती एका टोकाला बसली, तो बादलीजवळ. बेट धुक्यात अर्धं गेलं तेव्हा बोटीच्या मागून काहीतरी पांढरं आलं. पंख न हलवता, वाऱ्यावर नुसतं टेकून. भाऊसाहेब बोटीबरोबर चालले होते, कठड्याच्या अगदी उंचीवर. ती उठून त्याच्याजवळ आली. दोघं कठड्याला धरून उभे राहिले.

"कुणाकडे बघतायत रे?" तिने विचारलं, जणू सहजच.

काळा डोळा सरळ त्याच्यावर लागला होता. तसूभर हलत नव्हता. त्याच्याकडे इतकं निश्चयाने आजवर कुणी बघितलं नव्हतं आणि पुढेही कुणी बघणार नव्हतं. हे एकदा तरी कुणाला सांगावं असं त्याला फार, फार वाटलं.

"तुझ्याकडे," तो म्हणाला.

"खोटारडा," ती म्हणाली, आणि वाऱ्याला आडोसा म्हणून त्याच्या हातांच्या आत येऊन उभी राहिली.