माझ्या वाट्याचा मार

मित्रांनो, मी एक जुने शिकारी धनुष्य आहे. उभे केले तर तुमच्या आईच्या उंचीला लागेन. भिंतीवर आडवे टांगलेले पाहिलेत तर म्हणाल, ही तर नुसती काठी. तुमचे काही चुकत नाही. दोरी चढेपर्यंत मी काठीच असतो. एवढी ताकद अंगात असून ती एका बारीकशा दोरीवाचून बाहेर पडत नाही, याचे मला या वयातही नवल वाटते.

ज्या सुताराने मला घडवले त्यांना घरात सगळे बाबा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. डोंगरावर अगदी सावकाश वाढणाऱ्या झाडाचा एक ओंडका त्यांनी आणला आणि कित्येक उन्हाळे माळ्यावर सुकत ठेवला. मग करवत, मग रंधा, मग कानस, शेवटी काचेचा तुकडा. थोडे तासायचे, थोडे वाकवून पाहायचे, की पुन्हा तासायचे. दोन्ही टोकांना दोरी अडकवण्यासाठी खाचा कोरल्या, त्या थेट लाकडातच. त्यांना वरून शिंगाचे किंवा कशाचेच कवच नाही.

माझी पहिली दोरी बाबांनीच वळली, जवसाच्या काड्यांपासून काढलेल्या धाग्याची. ती झिजली की दुसरी, दुसरी झिजली की तिसरी. शिकार घेऊन आलो की आळीतले लोक मला बघायला येत आणि पाठीवरून हात फिरवत. मी फुगून जाई. दोरीकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे, आणि खरे सांगायचे तर मीही नाही.

पुढे बाबांचा खांदा गेला. रंधासुद्धा धरवेना, तिथे मला कोण ओढणार? बाबांच्या कारखान्याच्या दारामागे एका खिळ्यावर मी लटकलो. अंगावर भुसा बसला. शेजारी टांगलेल्या दोरीला केस फुटले आणि एके दिवशी ती आपल्याच वजनाने तुटून पडली. कुणीतरी ती झाडूने लोटून दिली.

मला खाली काढले ते त्यांच्या लेकीने. ती तंबू आणि ताडपत्र्या शिवते, तिच्या बोटांना सुईचे घट्टे आहेत. तिला रानडुकराच्या शिकारीचा परवाना मिळाला होता आणि तिने घरात सांगून टाकले होते की जाईन तर बाबांचेच धनुष्य घेऊन जाईन.

"फार जुनं झालंय ते," बाबा म्हणाले. "मोडलं तर मला आता दुसरं करता यायचं नाही, बाई."

"मोडणार कसं? मी आहे ना," ती म्हणाली. हे ऐकून मला बरे वाटले आणि भीतीही वाटली. कारण दोरी अजून ठरायची होती.

आधी तिने तंबूची नायलॉनची दोरी लावून पाहिली. जाड, मजबूत, हाताशी असलेली. ती दोरी कसली, रबरच ते. मी जीव तोडून जोर लावला आणि तो सगळा जोर तिने स्वतः लांबण्यातच खाऊन टाकला. बाण चार पावलांवर जाऊन गवतात झोपला. बाबा इतके हसले की त्यांना खोकला आला.

मग जावई पुढे सरसावला. तो लिफ्ट दुरुस्त करतो आणि दोर या विषयात तो कुणाचे ऐकत नाही. शहरातून त्याने एक चकचकीत दोरी आणली. नव्या, कृत्रिम धाग्याची, गवताच्या पातीइतकी बारीक. "पोलादाला हार जाणार नाही," तो म्हणाला. "आणि मुख्य म्हणजे ही केसभरही ताणली जात नाही." बायकोसाठी त्याने ती किती हौसेने आणली होती ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते.

मित्रांनो, त्या दोरीवरून सुटलेला पहिला बाण मी कधी विसरणार नाही. तो गेलेला दिसलाच नाही. नुसता लक्ष्यात रुतलेला दिसला. तरुणपणीही मी असा बाण सोडला नव्हता. बाबा हळूच म्हणाले, "हे माझ्या हातचं आहे यावर विश्वास बसत नाही." मी तर हवेतच होतो.

पण त्याच क्षणी माझ्या दोन्ही टोकांना सणसणीत दणका बसला होता. बाण सुटला की माझ्या दोन्ही बाजू झपाट्याने सरळ होतात आणि दोरी त्यांना जागच्या जागी थांबवते. ही दोरी थांबवत नव्हती, आदळत होती. दुसऱ्या बाणाला वरची खाच दुखली. तिसऱ्याला आत काहीतरी सुटले. मला ओरडून सांगायचे होते, पण धनुष्याला तोंड कुठे असते?

चौथ्यांदा तिने मला गालापर्यंत ओढले. माझ्या वरच्या टोकातून बारीकसा आवाज आला, नखाने काडी मोडावी तसा. ती थांबली. दोरी न सोडता तिने मला सावकाश, अगदी सावकाश परत आणले.

"काय झालं?" जावयाने विचारले.

"कण्हलं हे."

"लाकूड आहे, कुरकुरणारच."

तिने दोरी उतरवली आणि वरच्या खाचेवर नख फिरवले. नख अडकले. बारीक दोरी लाकडात चावत गेली होती आणि खाचेच्या तळाला चीर पडली होती. बाबांनी ती पाहिली आणि ते ओट्यावर जाऊन बसले.

"अगं, पण दोरी तर एक नंबर आहे," जावई ओशाळून म्हणाला. "आमच्या लिफ्टचा दोर असा लांबला तर माणसं जिवाला मुकतील."

"दोरी चांगलीच आहे," ती म्हणाली. "पण जुन्या ताडपत्रीला मी नायलॉनचा दोरा घातला तर काय होतं, माहितेय? दोरा राहतो आणि कापड फाटतं. जुन्या कापडाला कापडापेक्षा मऊ दोरा लागतो. तुटलाच तर दोरा तुटू दे." मग म्हणाली, "हे मला रोज कळतं आणि आज कळलं नाही."

बाबांनी धडधाकट हाताने चिरेत सरस भरला आणि खाली धागा घट्ट गुंडाळला. ती जवसाचा धागा घेऊन बसली. फार पेड घेतले तर दोरी जड होते आणि बाण मंदावतो. कमी घेतले तर तुटते. ती माझ्या खाचेत दोरी बसवून बघे, उसवे, पुन्हा वळे. पेडांना मेण जावयाने चोळले, चामड्याच्या तुकड्याने, दोरी गरम होईपर्यंत. कुणी सांगितले नव्हते. मग त्या दोरीला पाण्याची बादली टांगून ठेवली, म्हणजे जे ताणायचे ते आधीच ताणून घेईल.

शिकारीच्या सकाळी दवाने रान जड झाले होते. झुडपातून रानडुक्कर बाहेर आले. ओल्या दगडासारखे काळे, श्वासाची वाफ सोडणारे, भले मोठे. तिने मला ओढले. माझे सगळे लक्ष त्या चिरेवर. आता उघडते की मग उघडते.

तिने दोरी सोडली. आणि मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी जवसाच्या दोरीकडे लक्ष दिले. माझा सगळा वेग अंगावर घेऊन ती कणभर लवली. फक्त कणभर. बाणाला त्याचा जोर दिला आणि उरलेला दणका तिने स्वतःच्या धाग्यांत जिरवला. माझ्यापर्यंत आली ती फक्त एक थरथर. डुक्कर फार लांब गेले नाही.

घरी आल्यावर बाबांनी शिकारीचे विचारलेच नाही. आधी माझ्या खाचेवर अंगठा फिरवला. कितीतरी वेळ फिरवत राहिले.

"सांधा धरलाय," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

तेव्हा मित्रांनो, कुणासाठी दोरी निवडाल तेव्हा दोरी किती बळकट आहे एवढेच पाहू नका, ती कुणाला बांधायची आहे तेही पाहा. तिला मेण लावा. काम झाले की उतरवून ठेवा, आम्हा दोघांनाही विसावा मिळतो. लोक अजूनही मला बघायला येतात आणि म्हणतात, किती वर्षे टिकलंय हे. मी मात्र त्या झिजलेल्या दोऱ्या आठवतो. त्यांतल्या एकीचीही मला नीट ओळख नव्हती, आणि माझ्या वाट्याचा मार त्या सगळ्यांनी खाल्ला.