मुक्या पोरींच्या गप्पा

शिवकन्या सहा वर्षांची झाली तरी तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिच्या आजीने, छबुबाईने, करायचे तेवढे उपाय करून झाले होते. पोपटाने उष्टावलेला पेरू खाऊ घातला, देवळातल्या घंटेवरून ओघळलेलं पाणी पाजलं. शेवटी बीडच्या डॉक्टरांनी कान तपासून सांगितलं, पोरगी जन्माचीच बहिरी आहे, ऐकूच येत नाही तर बोलेल कुठून? हे कळल्यावरही छबुबाईने पेरू काही थांबवला नाही. डॉक्टरांना कानांतलं कळतं, पोपटाला जिभेतलं, असं तिचं सरळ गणित होतं.

पण खरा घोर वेगळाच होता. मुकी तर मुकी, पोरीला समज तरी आहे का? चुलत दीर गहिनीनाथ म्हणजे भावकीतला कर्ता माणूस, आणि कर्त्या माणसांना दुसऱ्याच्या घरातलं जरा जास्तच दिसतं. त्याने सांगून टाकलं होतं, "वहिनी, हिला अक्कल न्हाई. मतिमंदांच्या आश्रमात घालू. बंकट आला की मी बोलतो त्याच्याशी."

बंकट हा छबुबाईचा लेक, शिवकन्येचा बाप. तो आणि त्याची बायको सुंदरबाई दिवाळीनंतर सांगलीकडच्या सहकारी कारखान्यावर ऊस तोडायला गेले होते. कारखाना बंद झाला की परतणार, म्हणजे उन्हाळ्यात. आणि चुलत्याने सांगितलं की बंकट मान हलवणार, हे छबुबाई ओळखून होती. ती भांडली असती, पण कशाच्या जोरावर? नातीला अक्कल आहे हे तिला तरी कुठं ठाऊक होतं?

त्या साली दुष्काळ असा, की पालीजवळच्या धरणात पाण्यापेक्षा भेगाच जास्त होत्या. सोसायटीने माळावर गुरांची छावणी उघडली. एक गाय, एक कालवड आणि नात घेऊन छबुबाई तिथेच पाल ठोकून राहायला आली. शेजारच्या पालात चौसाळ्याकडची मंजुळाबाई होती. योगायोग बघा, तिची कौशल्याही तशीच, मुकी-बहिरी, शिवकन्येपेक्षा वर्षाने मोठी.

पहिल्या दिवशी दोघी एकमेकींकडे नुसत्या बघत राहिल्या. आठ दिवसांत चिकटल्या. दोन महिन्यांत त्यांचे हात असे भराभर चालू लागले, की बघणाऱ्याचे डोळे दमावेत. मध्येच हसायच्या, मध्येच भांडायच्या, एकमेकींचे हात धरून थांबवायच्या.

छावणीत चाऱ्याची टंचाई असते, सल्ल्याची नाही. टँकरच्या रांगेतल्या बायांनी छबुबाईला घेरलं. "दोन मुक्या एका जागी ठिऊ नगंस. हातानंच भागतंय म्हनल्यावर जीभ कशाला हलंल? हाय ती वाचा बी जाईल." छबुबाईला ते पटलं. तिने त्याच दिवशी पाल उपटलं, गाय-कालवड सोडली आणि छावणीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन बांधली. शिवकन्येला शेजारी बसवलं आणि उठू दिलं नाही.

चार दिवस पोरीने भाकरीला तोंड लावलं नाही. गाईच्या पोटाला टेकून पडून राहायची. पाचव्या दिवशी सकाळी मंजुळाबाई कौशल्येला घेऊन तणतणत आली.

"मावशी, कावून तोडलं पोरींना? माजी तिकडं रडून अर्धी झाली."

"त्या हातवाऱ्यांनी वाचा जाईल म्हनून, बाई."

"हाय कुठं वाचा, जायला?"

मंजुळाबाई जरा नरमली. "हातवारे न्हाईत ते, मावशी. बोलत्यात त्या. मला बी समदं कळत न्हाई, पर बोलत्यात."

"अन् शिकवलं कुनी?"

"वासराला थान धुंडायला कोन शिकवतंय?"

माणूस भाषेचं बी पोटातूनच घेऊन येतो, असं म्हणायला शहाण्यांना जाडजूड पुस्तकं लिहावी लागली. मंजुळाबाईने ते दावणीपाशीच आटपलं. पण छबुबाई कुणाच्या सांगण्यावर दुसऱ्यांदा हुरळणारी नव्हती. बायांचं ऐकून तिने एकदा हात पोळून घेतले होते. आता ती स्वतःच्या डोळ्यांनी बघणार होती.

तिने शिवकन्येला मंजुळाबाईजवळ पालात बसवलं आणि गुळाचा खडा घेऊन कौशल्येला आपल्याबरोबर नेलं. लांब, पालांच्या तीन रांगा ओलांडून, मिशाळ धुळाजीचा एकशिंगी बैल बांधला होता. त्याच्यामागे एक घमेलं पालथं पडलं होतं. तिने कौशल्येच्या देखत गूळ त्याखाली सरकवला आणि तिला परत आणलं. पालातून तो बैल दिसत नव्हता. नुसतं बोट दाखवून काही भागणार नव्हतं.

कौशल्येने शिवकन्येला बघितलं मात्र, तिचे हात सुरू झाले. एक बोट वाकवून कपाळाला लावलं. शिवकन्येने काहीतरी विचारलं. कौशल्येने मान हलवली आणि नसलेल्या मिशीला पीळ दिला. अगदी धुळाजी. मग दोन्ही तळहात पालथे केले आणि ओठ चाटले.

शिवकन्या सुटली. मागोमाग छबुबाई, गुडघे विसरून. पोरगी कुठं थांबली नाही, कुठं वळून बघितलं नाही. वाटेत दोन पालथी घमेली होती, त्यांना तिने शिवलंसुद्धा नाही. बैलामागे गेली, घमेलं उचललं, गूळ घेतला.

छबुबाई तिथंच शेणात मटकन बसली. हसू आणि रडू एकदमच आलं. सहा वर्षं छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला टाकला होता. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं. "आता ये म्हनावं गहिनीनाथाला," ती बैलालाच म्हणाली. "कुनाला अक्कल न्हाई ते बघू."

पालात परतल्यावर शिवकन्येने दाताने गुळाचे तुकडे केले. एक कौशल्येला, एक आजीला, एक मंजुळाबाईला, एक स्वतःला. उरलेला तुकडा तिने मुठीत ठेवला. मग आजीसमोर उभी राहून वाकली, हात जमिनीलगत सपकन फिरवला, डोक्यावर काहीतरी उचलल्यासारखं केलं आणि रिकामा तळहात पुढे केला.

"हे ती रोज करती," मंजुळाबाई म्हणाली. "दिसातनं धा बारी कौशल्येला इचारती. मला वाटलं, ऊस मागती."

छबुबाईला मात्र बघताक्षणी कळलं. वाकून कोयता मारणारी, डोक्यावर मोळी उचलणारी. गेल्या सालापर्यंत पोरगी उसाच्या फडातच तर असायची. यंदा आई गेली तेव्हा ती रडली नाही, म्हणून सगळे म्हणाले होते, एवढी मठ्ठ, की आईचीही आठवण नाही. आणि ही चार महिने एकच विचारत होती. कुणाला कळलंच नव्हतं.

"येतीया गं, माय. महिन्यात येतीया," छबुबाई बोलून गेली, आणि आपण तोंडाने बोलतोय हे लक्षात येऊन तिने पदर खोचला. मग ती वाकली. कोयता मारला, मोळी डोक्यावर घेतली, दोन पावलं लांब जाऊन परत शिवकन्येकडे चालत आली आणि तिला पोटाशी धरलं.

शिवकन्या सुटून मागे झाली, आजीचं मनगट धरलं आणि तिचा हात पार मातीला टेकवला. आई ऊस बुडाशी तोडते, एवढा वर नाही. छबुबाईने मान डोलावली आणि पुन्हा पहिल्यापासून नीट सांगितलं.