माझा व्याज्जो

वेस्ट विंडसरच्या लायब्ररीत मी सत्तराव्या वर्षी इटालियन शिकायला बसले आणि पहिल्याच दिवशी एका शब्दाच्या प्रेमात पडले. व्याज्जो. म्हणजे प्रवास. निघणाऱ्याला 'ब्वोन व्याज्जो' म्हणायचं. मधुचंद्र म्हणजे 'व्याज्जो दि नोत्से'. घरबसल्या मनानं भटकलं तरी व्याज्जोच, आणि आयसेलिनहून आणलेलं वाणसामान गाडीतून घरात न्यायला दोन खेपा झाल्या, तर तेही दोन व्याज्जो!

मग काय, कोथिंबीर निवडता निवडता मी व्हेनिसच्या पाण्यावर तरंगू लागले. कुकरची शिट्टी मला बोटीचा भोंगा वाटायची. बोटीत शेजारी अर्थातच रवींद्र, माझा नवरा. लग्नानंतर आठव्या दिवशी त्याला इथे अमेरिकेत हॉस्पिटलच्या रेसिडेन्सीला हजर व्हायचं होतं, त्यामुळे आमचं ते नोत्सेबित्से राहूनच गेलेलं. आता लायब्ररीच्या ग्रुपबरोबर दोघांची तिकिटं काढली, तर त्याच्या हृदयानं दगा दिला. कार्डिऑलॉजिस्टनं विमान बंद केलं.

"माझंही कॅन्सल करते," मी म्हटलं.

"मुळीच नाही. अंतरा येतेय ना राहायला? लेक आहे माझ्याजवळ. तू जा."

म्हणाला खरा, पण त्या दिवसापासून स्वारी गप्प. मी बॅग भरत होते तेव्हा खोलीत फिरकलासुद्धा नाही. मला राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. मागे असं पडलेलं तोंड ठेवून कसलं व्हेनिस बघायचं? उबर दारात आली की सरळ 'जात नाही' म्हणून सांगायचं, असं मी ठरवून टाकलं.

दुपारी उबर आली. मी बोलणार, तोच हा फ्रिजशी खुडबुड करून समोर आला.

"हात पुढे कर."

त्याच्या प्रत्येक कॉन्फरन्सच्या वेळी मी त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवत आले. चव्वेचाळीस वर्षं. मी एकटी कधी कुठे गेलेच नाही, तेव्हा माझ्या हातावर कोण ठेवणार? त्यानं इतकं वाढलं की मनगटावरून ओघळलं. चाटून बघते, तर व्हॅनिला योगर्ट!

"अरे, हे दही नाहीये!"

"साखर आधीच आहे त्यात," तो म्हणाला. मग खाली बघत म्हणाला, "पंधरा दिवस मला करमायचं नाही गं. पण तू जाऊन ये."

मी हात चाटूनपुसून स्वच्छ केला, 'येते' म्हटलं आणि गाडीत बसले.