पांढऱ्या पावावरचा आळ

मित्रांनो, माझे तोंड काळे आहे, हे आधीच सांगून टाकते. पण ते काही वाईट काम करून काळे झालेले नाही. कितीतरी वर्षे लाकडे खाऊन आणि पाव देऊन ते काळे झाले आहे. मला त्याची जराही लाज वाटत नाही. मी विटांनी बांधलेली, पाव भाजायची भट्टी आहे. चिले देशातल्या लोटा गावी, कोळशाच्या खाणीत राबणाऱ्या लोकांच्या दोन लांबलचक चाळींच्या मधोमध मी बसले आहे. समोर सगळ्यांचा मिळून एक नळ आहे, बाजूला धुणी धुण्याच्या टाक्या आहेत आणि मधे माझा मान आहे.

मला बांधणाऱ्या गवंड्याचे नाव आता कोणाला आठवत नाही. पण त्याने माझी कमान इतकी चोख बांधली की मोठ्या भूकंपात शेजारची भिंत झोपली, आणि माझी एक वीटसुद्धा हलली नाही. हे मी जरा जास्तच वेळा सांगते असे चाळीतल्या बायका म्हणतात. म्हणोत बापड्या. त्यांची कौले पडली होती.

मी एका घराची नाही, साऱ्या चाळीची. प्रत्येक घराची पाळी ठरलेली असे. जिची पाळी ती बाई पहाटे लाकडे पेटवी, विटा पांढऱ्या पडल्या की निखारे ओढून काढी, ओल्या फडक्याने माझा तळ पुसून घेई आणि लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने पाव आत सरकवी. एका वेळी दोन-तीन घरांचे पाव भाजले जात. म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. कोणी काट्याने टोचे पाडी, कोणी सुरीने चीर देई. ओर्फेलीना नुसता अंगठा दाबायची. तिचा अंगठा रुंद होता आणि तिचा पाव सगळ्यांत हलका.

पाव कसला, तर पांढरा. मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट. सणाला थोडी चरबी. कोणी विचारील, पांढऱ्या पावात असते तरी काय? शंभर ग्रॅम पावात पन्नासच्या आसपास ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात, म्हणजे कुदळ मारायला लागणारी ताकद. आठ-नऊ ग्रॅम प्रथिने असतात, ती लोक हमखास विसरतात. पोट साफ ठेवणारा चोथा मात्र कमी, कारण कोंडा गिरणीतच राहतो. मीठही जरा जास्तच पडते. हे सगळे मी मोकळेपणाने कबूल करते, कारण मला खोटे बोलायची गरज नाही. कोंड्याबरोबर जे निघून जाते त्यातले काही आमच्याकडे गिरणीवाले मैद्यात परत घालतात. रक्ताला लागणारे लोह घालतात आणि ब गटातली जीवनसत्त्वे घालतात. तसा कायदाच आहे. पावाकडे नुसते बघून नाक मुरडणाऱ्याला ते दिसत नाही, एवढेच.

अशीच नाक मुरडणारी एकजण एकदा आमच्या चाळीत आली होती. त्याची गोष्ट सांगते.

तेव्हा खाण जोरात चालू होती. ओर्फेलीनाचा नवरा एरिबेर्तो समुद्राच्या तळाखालच्या बोगद्यात कोळसा फोडायचा. त्यांची यास्ना दहा वर्षांची होती. शाळेच्या बँडमधला मोठा ढोल त्या वर्षी पहिल्यांदाच एका मुलीला मिळाला होता, आणि ती मुलगी यास्ना. अठरा सप्टेंबरला देशाचा सण. त्या दिवशी सारे गाव रस्त्याच्या दुतर्फा उभे राहते आणि शाळांची संचलने निघतात. यास्ना माझ्या पाठीवर दोन काटक्या घेऊन सराव करायची. मला ते आवडायचे, पण मी तसे कधी दाखवले नाही.

जूनमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या हिवाळ्यातल्या, एका थंड सकाळी सरावातच यास्ना ढोलासकट कोसळली. दवाखान्यात रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन जेमतेम नऊ निघाले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातली नवी आहारतज्ज्ञ चाळीत आली. तिचे नाव हिमेना. नुकतीच शिकून आलेली, पायांत पांढरे स्वच्छ बूट.

"दोन्या ओर्फेलीना, मुलीला खायला काय देता?" तिने सगळ्या बायकांदेखत विचारले. दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई.

"पाव देते. आमच्या घरात कुणी उपाशी राहत नाही, सेन्योरिता."

"पांढरा पाव म्हणजे नुसतं पोट भरणं. त्यात काही नसतं. आजपासून तो बंद. आणि हे लोहाचं औषध दिवसातून तीनदा द्या. सणाच्या आधी रक्त अकराच्या वर गेलं तर ढोल. नाहीतर मुलगी घरी बसेल."

ती गेल्यावर ओर्फेलीनाने पिठाचा गोळा परातीत असा आपटला की माझी राख उडाली.

"त्यात काही नसतं म्हणे! ह्याच पावावर माझा नवरा एकोणीस वर्षं समुद्राखाली कोळसा फोडतोय. त्याला जाऊन सांग म्हणावं!"

"खाली उतरून सांगेल कशी?" शेजारची तोया म्हणाली. "ते बूट बघितलेस ना तिचे?"

बायका हसल्या, पण ओर्फेलीना हसली नाही. मलाही हसू आले नाही. मला राग आला होता. आयुष्यभर ज्याचा अभिमान धरला त्याला कोणी चार शब्दांत निकालात काढावे! पण मी भट्टी, बोलणार काय?

ओर्फेलीना मानी होती, पण आधी ती आई होती. तिने यास्नाचा पाव खरोखर बंद केला. पोरगी उकडलेले बटाटे आणि पातळ सूप खाऊ लागली. आजूबाजूची पोरे गरम पाव तोडत असत आणि ती बिचारी तोंड फिरवून बसे. औषध मात्र एकदाही चुकले नाही. तरीही तिचे ओठ पांढरे ते पांढरेच, आणि जेवणाचा एकेक घास विनवून भरवावा लागे. तेव्हा ओर्फेलीनाने आमच्याकडची कुठलीही आई करील तेच केले. अशक्त माणसाला अंगात ऊब हवी म्हणून चहा कडक केला. आमच्याकडे बिनदुधाचा चहा लागतोच. सकाळी लागतो, दुपारी जेवणावर लागतो, संध्याकाळी पावाबरोबर लागतो आणि झोपतानाही लागतो. तान्ही पोरेसुद्धा बाटलीतून पितात. पोरगी जसजशी फिकी पडत गेली, तसतसा तिच्या कपातला चहा काळा होत गेला.

जुलैच्या शेवटी पुन्हा रक्त तपासले. हिमेना स्वतःच निकाल घेऊन आली. बाहेर धो धो पाऊस, म्हणून माझ्यावरच्या पत्र्याखाली येऊन उभी राहिली. त्या दिवशी ओर्फेलीनाची पाळी होती. यास्ना लाकडांच्या ढिगावर बसली होती.

"रक्त वाढलं नाही. थोडं कमीच झालंय," हिमेना म्हणाली. मग चाचरत म्हणाली, "दोन्या ओर्फेलीना, खरं सांगा. तुम्ही तिला चोरून पाव देत होतात का?"

ओर्फेलीनाने पिठाचे हात कमरेवर ठेवले.

"चोरून? दोन महिने माझी पोरगी शेजाऱ्यांच्या पावाचा नुसता वास घेऊन झोपतेय, आणि तुम्ही मला चोर ठरवता?" तिने मैद्याची गोणी फरफटत आणून हिमेनाच्या पायाशी टाकली. "यास्ना, ह्यावर काय लिहिलंय ते वाच. माझा चष्मा घरी राहिलाय."

ओर्फेलीनाला चष्मा नव्हता. तिला वाचता येत नव्हते. चाळीत हे सगळ्यांना माहीत होते आणि कोणी कधी बोलून दाखवत नसे. गोणीवरची ती ओळ दुकानदाराने कालच तिला वाचून दाखवली होती.

"मैदा," यास्नाने वाचले. "लोह आणि ब-जीवनसत्त्वं घातलेला."

"मोठ्यानं वाच!"

"लोह घातलेला!"

हिमेनाचा चेहरा लाल झाला. मित्रांनो, त्या क्षणी मी आतून अशी धगधगले की कडेचे चार पाव करपले. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

"मला माहीत होतं हे," ती हळूच म्हणाली. "परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं. पण पाव पांढरा दिसला, आणि मी पुढचा विचारच केला नाही. म्हणजे मी तिचं होतं तेवढं लोहपण काढून घेतलं." मग तिने कपाळाला आठ्या घातल्या. "पण औषध? औषधात तर पावाच्या कितीतरी पट लोह आहे. ते कुठं जातंय?"

तेवढ्यात तोया चहा घेऊन आली. भट्टीशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पाव आणि चहा द्यायचा, मग तो भांडायला आलेला का असेना, ही आमची रीत. हिमेनाने एक घोट घेतला आणि तिचे डोळे विस्फारले. शेजारी यास्नाने खिशातून औषधाची बाटली काढली, चमचाभर औषध आपल्या कपात ओतले आणि ढवळू लागली.

"अगं, हे काय करतेस?"

"औषध घेतेय. नुसतं घेतलं की खिळा चोखल्यासारखं लागतं. म्हणून आई चहातून देते."

"रोज?"

"रोज तीनदा. तुम्हीच सांगितलंत ना?"

हिमेना मटकन लाकडांच्या ढिगावर बसली. तिचे पांढरे बूट चिखलात गेले, तरी तिचे तिकडे लक्ष नव्हते.

"चहा लोहाला धरून ठेवतो," ती म्हणाली. "अंगी लागूच देत नाही. औषधातलंही नाही आणि जेवणातलंही नाही."

ओर्फेलीना आपल्या हातांकडे बघत होती.

"म्हणजे मीच तिला..." ती पुटपुटली.

"नाही, दोन्या ओर्फेलीना. चुकले मी. मुलीला काय देता, एवढंच मी विचारलं. कशाबरोबर देता, ते विचारलंच नाही."

त्यानंतर तिने जे केले ते मला आवडले. तिने माझ्या फावड्यावरचा, अंगठ्याची खूण असलेला एक गरम पाव उचलला आणि स्वतःच्या हाताने यास्नाला दिला. म्हणाली, "खा. मात्र कप तिकडे ठेव."

त्या दिवसापासून चाळीत नवा नियम झाला. पोरांचा चहा जेवणानंतर तासा-दीड तासाने. यास्नाचे औषध संत्र्याच्या रसातून. पावाबरोबर मसुराची आमटी, नाहीतर किनाऱ्यावरून आणलेले शिंपले आणि वर लिंबू. तोया तर पोलीसच झाली. कुठल्याही पोराच्या एका हातात पाव आणि दुसऱ्या हातात कप दिसला की ती लांबूनच ओरडे, "ए, कप खाली!" एरिबेर्तोने एकदा तिला ठणकावले, "माझ्या कपाला हात लावायचा असेल तर आधी समुद्राखाली येऊन लाव." पण पोरीसमोर बसला की तोही कप पाठीमागे लपवी.

मी माझ्या परीने काम केले. माझा तो ऑगस्ट काय वर्णावा! एकही पाव कच्चा राहिला नाही. यास्ना पुन्हा माझ्या पाठीवर काटक्या वाजवू लागली. आधी दोन मिनिटांत दमे. मग पाच मिनिटे वाजवी, मग दहा. पण तेवढी ताकद पुरेशी आहे की नाही ते रक्तच सांगणार होते, आणि सणाला तीन दिवस उरले, रक्त तपासायला देऊन झाले, तरी ओर्फेलीना दवाखान्याचे नाव काढले की विषय बदली. शेवटी हिमेना धावतच आली. पत्र्याखाली यायचीही वाट न बघता तिने नळापासूनच ओरडून सांगितले, "अकरा पूर्णांक तीन!"

अठरा तारखेला ओर्फेलीनाची पाळी होती. इतक्या वर्षांत तिने पाळी कधी सोडली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही. त्या दिवशी तिने सोडली. निळा झगा घालून ती माझ्यासमोर उभी राहिली, माझे दार लावले आणि संचलन बघायला गेली. सारी चाळ गेली. मी एकटीच रिकामी बसले होते. मग वरच्या रस्त्यावरून ढोल ऐकू आला. त्याचा ठोका जमिनीतून माझ्या विटांत येत होता, एकसारखा, कुठेही न अडखळता. रस्ता संपेपर्यंत तो थांबला नाही. मित्रांनो, भूकंपात मी हलले नव्हते, पण त्या दिवशी हलले.

दुपारी यास्ना ढोल पोटाशी धरूनच परत आली, गाल लाल, केस विस्कटलेले. थेट माझ्यापाशी येऊन तिने दार उघडले आणि वळून म्हणाली, "आई, पाव कुठंय? मला भूक लागलीय."

सगळा हिवाळा त्या पोरीला एकेक घास विनवण्या करून भरवावा लागला होता. भूक लागली, हे शब्द तिच्या तोंडून आले नव्हते. ओर्फेलीना तिथेच हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग सणाच्या झग्याच्या बाह्या मागे सारून तिने परात ओढली.

आज खाण बंद आहे. बऱ्याच घरांत गॅसच्या शेगड्या आल्या. कधीकधी आठवडाभर माझ्यात कोणी लाकूड घालत नाही, आणि बाहेरगावचे लोक येऊन माझा फोटो काढतात. काढू द्या, मी आहेच तशी. पण माझी एक विनंती ऐका. ज्या अन्नावर माणसे मोठी झाली, त्याला नावे ठेवण्याआधी त्याची नीट चौकशी करा. ते रांधणाऱ्या बाईला दोष देण्याआधी तिच्या शेजारी थोडा वेळ बसा. आणि माझ्याकडे याल तेव्हा भुकेले या.