कॉलरवाली

नऊ वर्षं ती नुसत्या कॉलर शिवत होती, म्हणून कारखान्यात सगळे तिला कॉलरवालीच म्हणत. गावी थोरला भाऊ मात्र छाती फुगवून सांगायचा, "आमची धाकटी शहरात शर्ट शिवते!" अख्खा शर्ट आपण जन्मात शिवला नाही, हे त्याला सांगायची तिला लाज वाटायची.

एकदा नमुना विभागात जागा निघाली. तिथं एकटीनं पूर्ण शर्ट शिवावा लागे. तिनं नाव दिलं तेव्हा सुपरवायझर हसला. "बाही लावता येते का?"

"येईल की," ती बोलून गेली.

बाह्या लावायची शेजारच्या मशीनवरची मावशी. दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. पंख्याचं तोंड कुणाकडं, यावरून रोज जुंपायची. तरी कॉलरवाली तिच्याकडं गेली.

"मावशी, बाही शिकवता?"

"आज एकदम गोडीगुलाबी? पंखा हवाय वाटतं!"

"नाही हो. नमुना विभागाची परीक्षा आहे."

मावशीनं मान वळवून मशीन चालू केलं. पण दुपारच्या सुट्टीत चिंध्या घेऊन हजर. पंधरा दिवस दोघी पाच मिनिटांत घास गिळून मशीनवर बसल्या. "ओढू नको गं! बाही बसवायची असते, कोंबायची नसते." खिसा आणि बटणपट्टी पलीकडच्या दोघींनी दाखवली.

परीक्षेत नमुना विभागाच्या मास्तरांनी शर्ट उलटा करून शिवणीवरून नख फिरवलं. उजवी बाही चुणली होती.

"उसवा."

तिनं उसवली, पुन्हा लावली. पुन्हा चुणली. डोळे भरून आले, टाके दिसेनात. तिसऱ्यांदा तिनं कापडाला आपलं आपण सरकू दिलं. बाही बसली.

"सोमवारपासून या," मास्तर म्हणाले.

मावशीनं आनंदानं तिच्या पाठीत धपाटा घातला. मग मान खाली घालून दोरा ओवत हळूच विचारलं, "माझ्या वयाच्या बाईला घेतात का गं तिथं?"

वीस वर्षं बाह्या लावणाऱ्या या बाईच्याही मनात तेच असेल, हे तिला कधी सुचलंच नव्हतं. ती तशीच मास्तरांकडं गेली आणि विचारून आली.

"वयाचं काही नाही. चार महिन्यांनी अजून एक जागा आहे."

"चार महिने?" मावशीनं मशीन बंद केलं. "मग आजच माझं नाव देऊन ये. आणि नीट अक्षरात लिही हं, मावशी म्हणून नको."