सोबतीला आलेली बाई

"पेशंटला त्या खुर्चीवर बसवा," असे म्हणून खिडकीमागच्या मुलीने बाकाजवळच्या सोजरबाईंकडे बोट केले.

शेफालीने फाइल काचेखालून पुन्हा आत सरकवली. "पेशंट मी आहे. तिसऱ्यांदा सांगतेय."

"वय?"

"एकोणतीस. वरच लिहिलंय."

मुलीने आधी फाइल पाहिली, मग शेफालीला. "वाटत नाही हो."

"छातीतल्या गाठीला विचारून सांगते," शेफाली म्हणाली आणि सोजरबाईंशेजारी, आपल्या सासूजवळ, बाकावर येऊन बसली.

वयाचे हे पुराण चार महिने तिच्या पाठीस लागले होते. घरच्या डॉक्टरांनी हात न लावताच सांगितले होते की, अशा गाठीचे हे तुमचे वयच नव्हे. सासूबाईंनी तर निकालच दिला होता: दुधाची गाठ. अकरा महिन्यांची अवनी अंगावर पीत होती. तेव्हा कात्रजच्या घरी सकाळ-संध्याकाळ तव्यावर फडके तापू लागले, आणि सोजरबाई स्वतःच्या हाताने सुनेला शेक देऊ लागल्या. गाठ तसूभरही हलली नाही. गेल्या आठवड्यात सुईने तुकडा काढला गेला. आज कर्वेनगरच्या या दवाखान्यात त्याचा अहवाल कळणार होता.

"गार पाणी पिऊ नगंस. दूध आकसतं."

"आई, आता तरी दुधाचा पिच्छा सोडा हो!"

सोजरबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

इतक्यात गुडघा धरून शैला आत आली. ती भावकीतली, तिला कळलेली गोष्ट दुपारच्या आत साऱ्या आळीत पोचत असे. शेफालीने सासरी एकच मागणे मागितले होते, की अहवाल काहीही येवो, भावकीत वाच्यता नको. तिने फाइल झटकन उलटी केली.

"अगं बया, काकू! तुम्ही इकडं? कोण आजारी?"

"मीच की," सोजरबाई म्हणाल्या. "छातीत गाठ हाय. सून सोबतीला आलीय."

"देवा! पण काकू, तुमच्या वयात व्हायचंच हे."

"व्हय," सोजरबाईंनी मान हलवली. "आमच्याच वयात व्हायला पायजे."

"चार नंबर!" आतून हाक आली.

सोजरबाई आधी उठल्या. शेफालीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, मग आजारी माणसाला धरावे तसा त्यांचा दंड धरला.

"सावकाश, आई."

शैलाची नजर दारापर्यंत त्यांच्या पाठीवर होती. दार लागले. टेबलासमोर एकच खुर्ची होती. डॉक्टरांनी कागदातून मान वर न काढता, समोरच्या लुगड्याचा काठ तेवढा पाहून म्हटले, "बसा आजी."

शेफालीने या खेपेला चूक दुरुस्त केली नाही. सोजरबाईंनीच खुर्ची तिच्याकडे ओढली.

ती बसली. सासूचा दंड मात्र तिने अजून सोडला नव्हता.